वर्षं विचारण्याआधी पाणी विचारा : आमच्या मत्स्यछंद मंडळाला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि मंडळातील सर्व ज्येष्ठ मत्स्यपालक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या बैठकीत आपण एक ठराव वाचून दाखवला आणि हात वर करायला सांगून तिथल्या तिथे मंजूरही करून घेतला. ज्यांच्या सभासदत्वाला २ वर्षं झालेली नाहीत त्यांनी सल्ल्याच्या तासाला मत मांडायचं नाही. काही विचारायचं असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं, ज्येष्ठ उत्तर देतील. शिवाय उलटसुलट सल्ल्यांनी नवीन माणूस गोंधळतो म्हणून मंडळ निगेची एकच पुस्तिका छापणार आणि त्या पुस्तिकेबाहेरचं काही बैठकीत सांगितलं जाणार नाही.

मला सभासद होऊन १४ महिने झाले. म्हणजे अजून १० महिने मी चिठ्ठ्या लिहायच्या. मी त्या दिवशी हात वर केला नाही, पण उठून बोललेही नाही. घरी येताना लेकीने विचारलं, "आई, तू वही दाखवली का नाहीस?" तिला उत्तर देता आलं नाही. ते गप्प बसणं मला अजून टोचतंय, म्हणून हे लिहिते आहे. चिठ्ठीवर मावणार नाही इतकं आहे. आणि हे पत्र सगळ्यांसमोर ठेवते आहे, कारण नवख्याला गप्प बसवायची रीत फक्त आपल्याच मंडळात आहे असं मला वाटत नाही. पक्षी पाळणाऱ्यांत, मांजरं पाळणाऱ्यांत, जिथे जिथे चार अनुभवी आणि दहा नवे लोक जमतात तिथे हेच ऐकू येतं.

आधी माझं काय गेलं ते सांगते.

आम्ही वाघोलीत राहतो. गाव २०२१ साली पुणे महापालिकेत गेलं, पण आमच्या सोसायटीच्या टाकीत अजून टँकरचंच पाणी पडतं. हे बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल दर वर्षी बदलावी लागते. माझी लेक सातवीत आहे. तिने हट्टाने ६० लिटरची टाकी घ्यायला लावली आणि दुकानातून येताना एक दोनशे पानी वहीही घेतली. रोजचं तापमान, दर दोन दिवसांनी पाणी तपासायच्या किटवर अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) आणि पीएच (पाणी किती आम्ल ते, ७ च्या खाली आम्ल), किती खायला घातलं, कोण कसं पोहतं, सगळं तिने त्या वहीत लिहिलं. फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू वाढावेत म्हणून मासे सोडायच्या आधी आम्ही ६ आठवडे फिल्टर चालवला, कारण मंडळाच्या पहिल्याच बैठकीत आपण ते शिकवलं होतं. मग १२ निऑन टेट्रा आणले, आणि तळाशी राहणारे ३ कोरी मासे.

त्यानंतरच्या बैठकीत एका सरांनी सांगितलं की निऑनला असलं जड, म्हणजे क्षारांचं, पाणी सोसत नाही, हळूहळू आरओच्या पाण्यावर आणा. सर ३० वर्षं टेट्रा पाळतात आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. निऑन हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, तिथल्या ओढ्यांचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल. आम्ही स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी कॅनमध्ये साठवायला लागलो. वाया जाणारं पाणी फरशीला वापरलं. तीन महिने दर रविवारी थोडं थोडं तेच पाणी घातलं. मासे छान रंगले होते.

मग वहीत एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. पीएच उतरत उतरत किटच्या सगळ्यात खालच्या रंगावर, ६ वर, येऊन थांबला. आणि इतके दिवस शून्य असलेला अमोनिया वाढायला लागला. २, मग ४, मग ८. मासे मात्र खात होते, खेळत होते. लेकीने त्या पानावर लिहिलंय, "अमोनिया ८. सगळे १५ मासे ठीक. असं कसं?"

हाच प्रश्न मी पुढच्या बैठकीत विचारला. तेव्हा दुसरे एक काका म्हणाले, आरओचं पाणी म्हणजे मेलेलं पाणी, त्यात क्षार नाहीत, पीएच कोसळणारच. बंद करा ते. साधं पाणी घ्या आणि दर आठवड्याला निम्मं बदला, मी ४० वर्षं तेच करतोय. हेही म्हणणं खरंच होतं. काकांचं घर पेठेत. खडकवासला धरणाचं पाणी नळाला येतं, तेच त्यांच्या टाकीत असतं आणि तेच त्यांच्या बादलीत.

रविवारी संध्याकाळी ५ वाजता आम्ही निम्मं पाणी उपसलं आणि टँकरचं पाणी क्लोरीन घालवायचं औषध टाकून, तापमान जुळवून, हळूहळू ओतलं. तासाभरात निऑन फिल्टरच्या धारेजवळ गोळा झाले. कल्ले इतके भरभर हलत होते की मोजता येईनात. अंगावरची लाल पट्टी आधी गुलाबी झाली, मग राखाडी. लेकीने किट काढून मोजलं. अमोनिया ४, म्हणजे आधीच्या निम्मा. पीएच ८. ती मला सारखी म्हणत होती, "कमी झालाय ना आई, मग का?" रात्री ९ पर्यंत ७ गेले होते. सकाळी टाकीत एकच कोरी जिवंत होता, तळाशी, काचेला टेकून. तोही दुपारी गेला.

पुढच्या बैठकीत मी उभी राहून हेच सांगितलं. अमोनिया ८ होता तेव्हा मासे जगले, ४ वर आला तेव्हा मेले, याचा अर्थ काय? लोक हसले. एकांनी विचारलं, ताई, किटचे रंग ओळखता येतात का तुम्हाला? दुसऱ्यांनी विचारलं, किती महिने झाले म्हणालात? आणि विषय पुढे गेला. वही माझ्या पिशवीतच राहिली. हसणाऱ्यांत ते सर नव्हते आणि काकाही नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. पण त्यांनीही वही मागितली नाही.

उत्तर मला शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या, रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापक बाईंनी दिलं. त्यांनी आयुष्यात कधी मासा पाळलेला नाही. किट जो आकडा दाखवतं त्यात दोन रूपं एकत्र मोजली जातात, एक जवळजवळ निरुपद्रवी अमोनियम आणि एक विषारी अमोनिया. कोणाचा वाटा किती हे पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी वाटा साधारण दोनशेत एक, पीएच ८ ला जवळपास वीसात एक, आणि पीएच ६ ला हजारातही एक नाही. आरओच्या पाण्यात आम्ल शोषून घ्यायला क्षार उरले नव्हते, पीएच पडला, त्या पाण्यात फिल्टरमधले जिवाणू मंदावले आणि अमोनियम साचत गेलं. साचलं तरी माशांना बाधत नव्हतं. टँकरच्या पाण्याने एका तासात पीएच ६ वरून ८ वर नेला. एकूण आकडा निम्मा झाला, पण त्यातलं विष कित्येक पटींनी वाढलं. त्यावर पीएच आणि जडपणाचा तो झटका वेगळाच.

दोन्ही सल्ले बरोबर होते. पहिला सरांच्या टाकीत, दुसरा काकांच्या टाकीत. माझ्या टाकीत ते एकापाठोपाठ आले आणि १५ जीव गेले. हे कळायला ४० वर्षांचा अनुभव लागणार नव्हता. कुणीतरी एवढंच विचारायला हवं होतं की तुमच्याकडे कुठलं पाणी येतं आणि आत्ता टाकीत कुठलं आहे. त्याऐवजी मला महिने विचारले गेले. कुत्र्यामांजरांना निदान गल्लीच्या टोकाला डॉक्टर असतो. माशांना तपासणारा डॉक्टर शोधूनही सापडत नाही, आमच्यासारख्यांचा डॉक्टर म्हणजे आपली बैठकच. म्हणून तिथे काय विचारलं जातं आणि काय विचारलं जात नाही, याला जीवाचं मोल आहे.

आता ठरावाबद्दल माझे आक्षेप.

२ वर्षं कशाची मोजणार? ठरावात सभासदत्वाची म्हटलंय. मंडळात रिक्षा चालवणारे एक दादा आहेत. त्यांना येऊन ८ महिने झालेत. त्यांच्या घरामागे सिमेंटच्या चार टाक्या आहेत आणि त्यात ११ वर्षं गप्पी आणि मॉलीची पिलावळ चालू आहे. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवरचं वाक्य आपण सगळ्यांनीच वाचलंय. दादांनी ते मनावर घेऊन महापालिकेच्या हिवताप विभागातून मूठभर गप्पी आणले आणि तिथून सुरुवात केली. त्यांचं सगळं पाणी टँकरचं. जड पाण्यात कोण सुखाने राहतं आणि कोण नुसतं तगून राहतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असेल? मी त्यांना आधी भेटले असते तर त्यांनी मला निऑन घेऊच दिले नसते, गप्पी घ्यायला लावले असते, हे त्यांनी नंतर मला फाटकाशी उभं राहून सांगितलं. बैठकीत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. मी नवीन ना, म्हणाले. आता तर ठरावानेच त्यांचं तोंड बंद झालं.

गेल्या डिसेंबरच्या प्रदर्शनातली गोष्ट आपल्याला आठवत असेल. दारातच टेबलावर काचेच्या गोल भांड्यांत १० फायटर मासे मांडले होते, प्रत्येकात जेमतेम दीड लिटर पाणी. सकाळचा गारठा, हीटर नाही. नववीतल्या एका मुलाने विचारलं की हे इतक्या लहान भांड्यांत का ठेवलेत. त्याला सांगितलं गेलं की फायटर वरची हवा घेऊ शकतो, भातखाचरातल्या वीतभर पाण्यात राहतो, त्याला एवढं पुरतं. मुलगा म्हणाला, "खाचर उथळ असतं पण केवढं मोठं पसरलेलं असतं ना? आणि गरम देशातलं." त्याला सगळ्यांदेखत "आधी चार मासे जगवून दाखव" असं सुनावलं गेलं. त्याने चूक काय बोललं होतं? फायटरला २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं हे आपणच आपल्या फलकावर लिहिलं होतं, त्याच टेबलाच्या मागे. तो मुलगा नंतर एकाही बैठकीला आला नाही. आपल्या सरासरी वयाकडे पाहता असा मुलगा गमावणं आपल्याला परवडणारं नाही, पण ते सोडा. त्या दिवशी त्या दहा भांड्यांतल्या माशांची बाजू घेणारा तो एकटा होता.

गोंधळाबद्दल. सल्ले उलटसुलट असतात हे खरं, आणि त्याने नवीन माणूस रडकुंडीला येतो हेही खरं. मी आलेय. एक म्हणतो टाकीत खडेमीठ टाका, दुसरा म्हणतो मिठाचा कणही नको. पण दोघांना समोरासमोर बसवून विचारलं तर कळतं की पहिल्याकडे मीठ सोसणारे मॉली आहेत आणि दुसऱ्याकडे मीठ न सोसणारी नाजूक पानांची झाडं. भांडण मिठाचं नसतंच. प्रत्येक जण आपल्या टाकीतून बोलत असतो आणि आपली टाकी कशी आहे हे सांगायचं राहून जातं. एकच पुस्तिका काढून हा फरक पुसला जाणार नाही, फक्त दिसेनासा होईल. पुस्तिकेच्या कच्च्या मसुद्यात "दर आठवड्याला निम्मं पाणी बदलावे" असं वाक्य आहे. कुठलं पाणी, याचा उल्लेख नाही. ते वाक्य वाचून माझ्यासारखं आणखी कुणी रविवारी बादली भरायला बसेल, याची मला भीती वाटते.

आणि ज्ञान काही एका ठिकाणी थांबलेलं नाही. कित्येक वर्षं सगळ्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की टाकीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि त्या नायट्राइटचं नायट्रेट नायट्रोबॅक्टर नावाचे जिवाणू करतात. १९९८ साली टाक्यांच्या फिल्टरमधले जिवाणू प्रत्यक्ष तपासल्यावर दिसलं की ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे दुसरेच जिवाणू करतात. पुढे २०१५ साली असेही नायट्रोस्पायरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करतात, आणि त्यातले काही माशांच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमधून आलेले होते. आपल्यातल्याच ज्येष्ठांनी एकेकाळी वाळूखालच्या प्लेटच्या फिल्टरशिवाय टाकी होऊच शकत नाही असं सांगितलंय, आणि आज ते स्वतः स्पंज वापरतात. त्यांनी मत बदललं कारण त्यांनी डोळे उघडे ठेवले. तीच मुभा आम्हालाही असावी.

ज्येष्ठांचा अनादर करायला हे लिहीत नाही. पुस्तकं मिळत नव्हती, किट मिळत नव्हती, तेव्हा आपण पहाटेची गाडी पकडून क्रॉफर्ड मार्केटला, कुर्ल्याला जाऊन मासे आणलेत, पिशवी मांडीवर धरून बसलात, टाक्या स्वतःच्या हाताने चिकटवल्यात. माझ्या कोरीला व्हाइट स्पॉट, म्हणजे अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग, झाला तेव्हा आपल्यातल्याच एकांनी रात्री ११ वाजता फोन उचलून समजावलं की ठिपका अंगावर असेपर्यंत औषध त्या किड्याला लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहायला लागला की लागतं, म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवू नका. मी दुसऱ्या दिवशीच थांबवणार होते. ते मी विसरलेले नाही.

नवखे चुकतात, हेही मला कबूल आहे. पहिल्या महिन्यात मी स्वतः फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून लख्ख धुतला होता आणि वर दुसऱ्या एका नव्या सभासदालाही तसंच करायला सांगितलं होतं. नळाच्या क्लोरीनने त्यातले जिवाणू मरतात, हे मला ठाऊक नव्हतं. तेव्हा मला तिथल्या तिथे थांबवलं गेलं आणि कारण सांगितलं गेलं. ते योग्यच झालं. मला थांबवू नका असं मी म्हणत नाही. कारण सांगून थांबवा, महिने मोजून नको.

माझ्या मागण्या अशा आहेत.

२ वर्षांची अट काढून टाका. तिच्या जागी फळ्यावर काही प्रश्न लिहून ठेवा, आणि विचारणाऱ्याने त्यांची उत्तरं दिल्याशिवाय कुणीही, अध्यक्षांनीसुद्धा, सल्ला देऊ नये. टाकी किती लिटरची आणि किती दिवसांची, पाणी नळाचं, बोअरचं की आरओचं, पीएच आणि अमोनिया किती, तापमान किती, शेवटचं पाणी कधी आणि किती बदललं.

सल्ला देणाऱ्यानेही आपलं पाणी आणि आपले मासे कोणते ते आधी सांगावं. दोन वाक्यांचं काम आहे.

पुस्तिका जरूर काढा, पण जिथे ज्येष्ठांमध्येच दोन मतं आहेत तिथे दोन्ही छापा आणि कोणतं मत कुठल्या पाण्याला, कुठल्या माशाला लागू आहे ते शेजारी लिहा. छापायच्या आधी मसुदा पाच नव्या सभासदांना वाचायला द्या. कुठे पाय घसरेल हे त्यांनाच आधी दिसेल. टँकरच्या पाण्याचं प्रकरण रिक्षावाल्या दादांकडून लिहून घ्या. त्यांना लिहायला वेळ नसेल तर ते सांगतील, मी उतरवून घेईन.

मेलेल्या माशांची नोंद ठेवा. प्रत्येक बैठकीत दहा मिनिटं फक्त त्यासाठी असावीत, कुणाचे गेले, काय बदललं होतं, आकडे काय होते. आपण दर महिन्याला सुंदर टाक्यांचे फोटो दाखवतो. त्या दहा मिनिटांत हसायचं नाही, एवढा एकच नियम.

येत्या डिसेंबरच्या प्रदर्शनात फायटर भांड्यांत मांडू नका. आणि त्या मुलाच्या घरी मंडळाच्या वतीने कुणीतरी जाऊन त्याला परत बोलवा. पत्ता त्याच्या प्रवेशअर्जावर आहे.

पुढची बैठक पहिल्या रविवारी आहे. मी येणार आहे. सोबत तीन बाटल्या आणीन, एकीत आमचं टँकरचं पाणी, एकीत आरओचं, एकीत दोन्ही निम्मं निम्मं. किटही आणीन. ज्यांना पाहायचं असेल त्यांच्यासमोर तिन्ही मोजू. लेकही येते आहे, वही तिच्याकडेच असते. टाकीत अजून मासे नाहीत. फिल्टर तिने बंद करू दिलेला नाही. जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून ती रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या पाण्यात टाकते, आणि वहीत तेही लिहिते.

आपली,
वाघोलीची एक सभासद
(सभासदत्व १४ महिने, पाणी टँकरचं, पीएच ८)